शिवणीचा दस्ता

आमच्या बंदुकीच्या मागे मांजरं लागायची असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारी काहीतरी ठोकून देते आहे. ठोकून देत नाही. त्या वर्षीचं नवरात्र आमच्या घरात ज्यांनी काढलं त्यांना विचारा. आता त्यातली मीच उरले आहे, तेव्हा मलाच विचारा.

श्रीवर्धनहून हरिहरेश्वराकडे जाताना समुद्राच्या अंगाला आमचं गाव. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. नवे पैसे हातात आले होते, पण तोंडात अजून आणेच होते. मी लग्न होऊन आलेली ती रेवसच्या बाजूची, मिठागरवाल्यांच्या घरातली. सासरी नारळी-पोफळीची वाडी. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूबाईंना आत्या. थोरले दीर मोठ्या बोटीवर चाकरीला, वर्षातून एकदा यायचे. माझी बोली वेगळी, माझ्या कालवणात मीठ जास्त, आणि आवाज त्याहून जास्त. कुणी पाहुणा आला की आत्या सांगायच्या, "सून चांगली हाय, पण मिठागराची हाय." त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, ते मला कधी कळलं नाही.

मामा म्हणजे उंच, हडकुळा माणूस. हात इतके लांब की अंगणात उभे राहून कौलावरची वाल पापडी काढायचे. बोलणं कमी, रुसणं फार. साऱ्या गावात त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता, पहिल्या बाराचा.

आमच्याकडे दसऱ्याच्या दुपारी गावातल्या परवान्याच्या बंदुका देवळात पूजेला मांडतात. तिथून पालखीबरोबर सगळे माळावर जातात. माळावर आपट्याचं जुनं झाड आहे, त्याच्या फांदीला सोललेला नारळ टांगतात. त्या नारळावर पहिला बार आमच्या घराने काढायचा. तो झाल्याशिवाय आपट्याच्या पानाला कुणी हात लावायचा नाही. नारळ फुटला तर आनंद, नाही फुटला तर गुरव सांगायचे की देवाने तो स्वतःसाठी ठेवून घेतला. मामांच्या आजाने हा बार काढला, बापाने काढला, आणि मामा मिसरूड फुटल्यापासून काढत आलेले.

त्यांची बंदूक होती ठासणीची. उडवली की धूर इतका, की नारळ लागला का नाही ते बघायला थांबावं लागे. त्या वर्षी उन्हाळ्यात ठाण्यावर बंदुका तपासायला बोलावलं, आणि फौजदारांनी नळीला गेलेली चीर दाखवली. "आजोबा, ही उडवलीत तर नारळाच्या आधी तुम्ही उडाल," म्हणाले, आणि बंदूक ठेवून घेतली. मामा रिकाम्या हाताने घरी आले आणि न जेवता वाडीत जाऊन बसले. मला वाईट वाटलं. रागही आला, कारण त्या दिवशी मी घावने केले होते आणि ते गार झाले.

दिरांना कळवलं. नारळी पौर्णिमा उलटली तसे ते आले, आणि सगळे कागद-परवाने करून एक रायफल घेऊन आले. पॉइंट टूटू म्हणायचे तिला. बारीक, हलकी, आणि तिचे तुकडे व्हायचे. नळी फिरवून काढायची, यंत्राचा भाग सुटा करायचा, आणि सगळं तिच्याच दस्त्याच्या पोटात घालून वर रबराचं झाकण लावायचं. तो दस्ता होता प्लास्टिकचा. काळसर, पोकळ, गुळगुळीत. दिरांनी मोठ्या हौसेने ती अशी बंद केलेली बंदूक विहिरीत टाकली आणि म्हणाले, "बघा, बुडत न्हाय!"

आम्ही सगळे विहिरीत वाकून बघत होतो. बंदूक मजेत तरंगत होती.

"पवते ती बंदूक कसली," मामा म्हणाले, "बदक हाय ते." आणि आत निघून गेले.

दीर बिचारे हिरमुसले. मामांनी नंतर ती हातात घेतली, दस्त्यावर नख वाजवलं, आणि "कंगव्याचं सामान" एवढं म्हणून खुंटीला लावली. पण कुणी बघत नाही असं वाटलं की ती खांद्याला लावून बघायचे. मी चुलीजवळून बघत असायचे. नेम धरायला त्यांना ती आवडली होती. वजनाला हलकी, झटका नाही. फक्त ते प्लास्टिक काही त्यांच्या घशाखाली उतरेना. सुट्टी संपली आणि दीर परत गेले, जाताना मला म्हणाले, "पोरी, बापाला सांभाळ. आणि बंदुकीलाही."

गणपतीत वरच्या आळीचे काका दर्शनाला आले. त्यांच्याकडे दुनळी होती, खरी विलायती, अक्रोडाच्या लाकडाची, म्हणून गाव त्यांना दुनळीवाले म्हणायचं. माणूस वाईट नव्हे, पण जिभेला हाड नाही. खुंटीवरच्या रायफलवर टिचकी मारून म्हणाले, "काय हो, ही वाजवायची की फुगवायची?" माझ्या हातात प्रसादाची वाटी होती, नाहीतर त्यांना चांगलं उत्तर मिळालं असतं. मामा हसले, पण कान लाल झाले.

विषय तिथेच थांबला नाही. अनंत चतुर्दशीला, विसर्जन झाल्यावर, मानकरी देवळात बसले आणि मामांना रायफल घेऊन बोलावलं. गुरवांनी तिच्या दस्त्यावर हळदीचं बोट ओढलं. हळद त्या गुळगुळीत प्लास्टिकवर थांबेचना, ओघळली आणि मामांच्या धोतरावर पडली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. लोक हसले. मग मानकऱ्यांनी ठरवून टाकलं की शस्त्र म्हणजे लोखंड आणि लाकूड. ज्याला हळद लागत नाही त्याला पूजा नाही, आणि ज्याची पूजा नाही त्याचा बार नाही. दसऱ्यापर्यंत लाकडाचा दस्ता बसला तर ठीक. नाहीतर पहिला बार वरच्या आळीच्या दुनळीचा.

मामा घरी आले ते ओसरीवरच बसले. मी पाणी नेलं. पाण्याकडे न बघता म्हणाले, "आज्याने राखला, बापाने राखला, आणि माझ्या हातून जातोय. तो पण एका कंगव्यापायी." मला तोवर तो दसऱ्याचा बार म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा खेळ वाटायचा. त्या दिवसापासून वाटला नाही. जळ्ळं मेलं ते प्लास्टिक, म्हटलं, दस्ता लाकडाचा झालाच पाहिजे.

पण केव्हा? दुसऱ्या दिवशी पौर्णिमा आणि परवापासून पितृपक्ष. पितृपक्षात नव्या कामाचा नारळ कुणी घेत नाही. म्हणजे नारळ उद्याच द्यायला हवा. आमचे हे सुपारी घेऊन मुंबईला गेलेले. मामा म्हणाले, "ते खेळणं घेऊन मी रस्त्याने जायचा न्हाय. मरेन, पण जायचा न्हाय." आणि लाकूड? पावसाळा सरत आलेला, गावातलं सगळं लाकूड ओलं. वाळलेलं, जुनं, भेगा न पडणारं लाकूड आणायचं कुठून?

तेव्हा मला माळ्यावरची फळी आठवली.

ती फळी शिवणीच्या झाडाची होती. चांगली जाड, धुराने सुकून हाडासारखी झालेली. आत्यांनी ती माझ्या पाळण्यासाठी ठेवली होती. म्हणजे माझ्या बाळाच्या. दोन पावसाळे झाले तरी तिला काम लागलं नव्हतं, आणि आत्या माळ्यावर काही काढायला चढल्या की त्या फळीवरची धूळ पुसून एक उसासा टाकायच्या. तो उसासा खाली माझ्यापर्यंत ऐकू यायचा. मुद्दाम येईल असाच टाकायच्या.

मी म्हटलं, "आत्या, ती फळी द्या."

"अगो बया! पाळण्याचं लाकूड बंदुकीला? काय बोलतेस कळतंय का तुला?"

"कळतंय. पाळणा हलायचा तेव्हा हलेल. दसरा काही थांबणार नाही. आणि अख्खी फळी कुठे लागणार आहे? अर्धी लागेल, अर्धी ठेवा."

आत्या स्वतःच शिडी लावून वर चढल्या आणि फळी खाली सरकवली. उसासा टाकला नाही.

लाकडावर नाजूक काम करील असा माणूस आमच्या पंचक्रोशीत एकच, कोळीवाड्याच्या टोकाला खाडीकाठी होड्या बांधणारा सुतार. घरं बांधणारे सुतार होते, पण त्यांना सरळ रेघ कळायची. बंदुकीचा दस्ता म्हणजे सगळाच बाक, आणि बाक होडीवाल्याला कळतो. म्हणून सकाळी मी निघाले. बंदूक तुकड्यांची होती ते बरं झालं. टोपलीत खाली बंदूक, तिच्यावर अळूची पानं, त्यावर नारळ आणि विडा, आणि काखेत फळी. वाटेत दुनळीवाले काका भेटले. "काय गो सूनबाई, सकाळच्या पारी अळू घेऊन कुठं?" म्हणाले. मी म्हटलं, "वड्या करायला. तुम्हांला पाठवीन." सांगितल्याप्रमाणे दसऱ्यानंतर पाठवल्याही.

सुतारांचा मांडव खाडीच्या अगदी काठावर. आत एक होडी उलटी घालून तिला तेल पाजत होते. त्यांनी बंदूक पाहिली, प्लास्टिकचा दस्ता उलटसुलट केला, आतला लांब पेच काढून दातांत धरला. म्हणाले, "व्हईल. नारळ कोणी आनला?"

"मी आणला."

"मंग हात आन."

त्यांनी माझा उजवा हात कोपरात वाकवला, कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत दोरी ताणली आणि गाठ मारली. बोलले, "हात आखूड हाय तुझा."

मी म्हटलं, "असू दे. मला काय होडी वल्हवायची आहे?"

ते हसले. मला वाटलं, रीत असेल. आणि रीत होतीच. होडी घडवतानाही ते असंच करायचे. नारळ घेऊन जो येईल त्याचा हात धरायचा, दोरीला गाठ मारायची आणि त्या हाताने अख्खी होडी मोजायची. त्यांच्याकडे नारळ आणतो तो मालकच असतो, आणि सुकाणूवर तोच बसतो. त्यांच्या आयुष्यात दुसऱ्यासाठी नारळ घेऊन आलेलं कुणी भेटलंच नसावं. मी काही सांगितलं नाही, त्यांनी काही विचारलं नाही. नारळ फुटला, खोबरं वाटलं, आणि मी घरी आले. बंदूक आली नव्या अंगाने परत की झालं, असं वाटून मी वाटेने गाणं म्हणत होते.

पितृपक्षात मामा रोज संध्याकाळी खाडीच्या बाजूला फेरी मारायचे. मांडवापाशी जायचे नाहीत, लांबून बघायचे. घरी येऊन आपल्याशीच म्हणायचे, "वाकस चालतोय." दुसऱ्या दिवशी, "कानस चालतीय." एकदा फार खुशीत आले, "काचेने घासतोय गो, काचेने! पिवळाधमक दिसतोय लांबनं." त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

नवरात्राच्या मध्यावर सुतारांनी दस्ता बसवून बंदूक घरी पोचवली. काय सुंदर काम! शिवणीचा मधासारखा रंग, यंत्राचा भाग लाकडात असा बसलेला की मध्ये नख जाईना, आणि हाताच्या पकडीपाशी होडीच्या पुढच्या नाळेसारखा छान बाक. आता नळी त्याच्या पोटात मावत नव्हती हे खरं, पण पेच सोडवला की तुकडे पूर्वीसारखेच होत होते. काढलेला प्लास्टिकचा दस्ता सुतारांनी मागून घेतला. "तरंगतो ना? माझ्या जाळ्याला बांधीन," म्हणाले. पुढे कितीतरी वर्षं तो खाडीत जाळ्याचा बोया म्हणून डुलताना दिसायचा. मामा त्याच्याकडे बघून दर वेळी म्हणायचे, "बघ, बदक सुखात हाय."

पण मी वासाचं सांगायचं राहिले.

सुतारांनी दस्त्याला होडीला लावतात तेच तेल लावलं होतं. मुशी माशाचं. त्यांच्या दृष्टीने लाकूड म्हटलं की मुशीचं तेल, त्यात काय विचारायचं? आमच्या घरात घट बसलेले. नऊ दिवस मासळीचा काटासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि आत्या देव्हाऱ्यापुढे माळ बांधत असताना बंदूक ओसरीवर आली. आत्यांनी नाक वर केलं, इकडे वळवलं, तिकडे वळवलं, आणि ओरडल्या, "कुणी आणलं गो म्हावरं घरात?"

"म्हावरं नाही, बंदूक आहे," मी म्हटलं.

"बंदूक कुठं मरून पडली होती?"

घरात हलकल्लोळ. बंदूक ताबडतोब गोठ्यात. शिकेकाईने पुसली, राखेने पुसली, लिंबू चोळलं, ऊद घातला. उदाचा वास आणि मुशीचा वास मिळून जे काही तयार झालं त्याने म्हैस दूध द्यायची थांबली. आणि मग मांजरं आली. पहिल्यांदा आमचं, मग शेजारचं, मग कोळीवाड्यातली जी कधी आमच्या आळीला फिरकली नव्हती ती. गोठ्यात ओळीने बसून वर टांगलेल्या बंदुकीकडे भक्तिभावाने बघत. मामा काठी घेऊन त्यांना हाकलत आणि ती पुन्हा येत. मी हसून हसून कमरेत वाकले. आत्यांनी आधी मला दटावलं, आणि मग त्याही पदर तोंडात धरून हसायला लागल्या. दोन वर्षांत आम्ही दोघी एकत्र अशा पहिल्यांदाच हसलो.

तेल सुकायला अष्टमी उजाडली. तोवर हेही मुंबईहून आले होते. दुपारी मामांनी बंदूक अंगणात आणली, दस्ता धोतराने पुसला, आणि आम्ही सगळे बघत असताना खांद्याला लावली.

त्यांचा अंगठा थेट नाकावर आपटला.

पुन्हा लावली. मान मागे ओढली, कोपर बाहेर काढलं, पाठीला पोक काढला. जमेना. तो दस्ता त्यांना चार बोटं आखूड होता. यांनी लावून बघितली. हात बापाचेच, तोच प्रकार.

"हे कुणाच्या मापाचं केलंय?" मामा म्हणाले.

मला दोरी आठवली, गाठ आठवली. मी म्हटलं, "मामा, माझ्याकडे द्या बघू." आणि खांद्याला लावली. दस्ता असा बसला की जणू माझ्या अंगालाच फुटला होता. गाल लाकडावर टेकला, आणि नळीच्या टोकावरची खूण आपोआप डोळ्यापुढे आली. एक मांजर माझ्या पायाला अंग घासून गेलं.

सुतारांकडे धावण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, त्यांनी आपली हत्यारं धुऊन पूजेला मांडली होती, ती दसऱ्याशिवाय उचलत नाहीत. हे म्हणाले, मागे लाकडाचा एक तुकडा ठोकू. मामा कडाडले, "ठिगळाची बंदूक देवापुढे न्यायची न्हाय!" मग थोडे शांत झाले आणि मला म्हणाले, "उडते तरी का, बघू. तूच मार. मला नाक संभाळायचंय."

वाडीच्या बांधावर करवंटी ठेवली. मामा मागे उभे राहून सांगत होते, "डोळा मिटू नको. श्वास सोड. चाप ओढायचा न्हाय, दाबायचा." पहिली गोळी बांधात गेली. दुसरीला करवंटी उडाली. मी ओरडले, हे ओरडले. मामांनी बंदूक घेतली आणि ते आत गेले. "मीच मारीन," जाताना म्हणाले, "कशीही मारीन."

दसऱ्याला देवळात गुरवांनी दस्त्यावर हळदीचं बोट ओढलं. शिवणीच्या लाकडाने हळद अशी धरली की बोटाच्या रेषासुद्धा उमटल्या. वर कुंकू. मानकऱ्यांनी माना हलवल्या. दुनळीवाले काका वाकले, नाकाने हुंगलं, आणि म्हणाले, "ही शिकारीला नेता की बाजाराला?" पण लाकूड लाकूडच होतं.

माळावर सगळा गाव. पालखी टेकली, ढोल थांबला. आपट्याला नारळ टांगलेला, वाऱ्याने किंचित हलत होता. मामा पुढे झाले. नवं धोतर, डोक्याला पागोटं. बंदूक खांद्याला लावली. अंगठा नाकावर. मान मागे घेतली, पागोटं सरकलं. पुन्हा लावली. मागे कुणीतरी खुसकन हसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतका मला त्या हसणाऱ्याचा राग आला.

मामांनी बंदूक खाली केली. सगळ्या गावाकडे एकदा बघितलं. मग मागे वळले आणि बायकांच्या घोळक्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, पुढं ये."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलावलं. आत्यांनी पाठीत ढोसलं तेव्हा पाय हलले.

दुनळीवाले म्हणाले, "अहो, हे काय? बाईमाणूस?"

"पहिला बार घराचा," मामा म्हणाले. "माझा एकट्याचा न्हाय. ही घरातली न्हाय का?"

"पण रीत..."

"रीत तुम्हीच सांगितली. लोखंड आणि लाकूड. बांगड्या नसाव्यात असं कुणी बोलला असेल तर पुढं या."

मानकरी एकमेकांकडे बघायला लागले. परवाना मामांच्या नावावर होता, पण पोलीस पाटलांना त्याच वेळी समुद्रात काहीतरी फार बघण्यासारखं दिसलं. शेवटी गुरव म्हणाले, "ठरलं तेवढंच ठरलं. मार गो पोरी, देव खोळंबलाय."

मी पदर खोचला. बंदूक खांद्याला लावली. गाल टेकला, मुशीचा वास नाकात गेला, आणि का कोण जाणे, माझी भीती गेली. श्वास सोडला. चाप दाबला.

टक्. एवढाच आवाज. सुपारी फोडावी तसा. ठासणीच्या धडाडधूमची सवय असलेला गाव कान टवकारून उभाच. "झाला का?" मागून कुणीतरी विचारलं. नारळ जिथल्या तिथे लटकत होता. धूर नाही, तुकडे नाहीत, काही नाही. दुनळीवाल्यांच्या तोंडावर हसू फुटायला लागलं. गेला, म्हटलं, माझ्या हातून गेला.

मामा मात्र डोळे बारीक करून नारळाकडे बघत होते. मग ते चालत सुटले. नारळाखाली जाऊन त्यांनी दोन्ही तळहात जोडून पुढे केले.

नारळातून पाण्याची बारीक धार लागली होती. सुईएवढ्या भोकातून, सरळ त्यांच्या ओंजळीत.

त्यांनी ती ओंजळ प्यायली. उरलेला ओला हात डोळ्यांना लावला, आणि लावून तसाच ठेवला. मग गुरव धावले, मानकरी धावले, ज्याने त्याने त्या धारेखाली हात धरले, दुनळीवाले काकांनीसुद्धा. ढोल सुरू झाला. आपट्याचं पहिलं पान गुरवांनी मामांना दिलं, आणि मामांनी ते माझ्या हातावर ठेवलं. मी भर माळावर रडले. मोठ्याने रडले. मिठागराची आहे, मला हळू रडता येत नाही.

त्या फळीचा उरलेला अर्धा भाग पुढल्या वर्षी कामी आला. पाळणा त्याच सुतारांनी केला, आणि आम्ही सगळ्यांनी पुन्हा तोच विसराळूपणा केला, तेलाचं सांगितलं नाही. माझ्या थोरल्याला पाळण्यात घातला की मांजरं खाली राखणीला बसायची.

पाळण्याचं काम चालू असताना हे मामांना म्हणाले, "सुतार आलेच आहेत, तर बंदुकीचाही नवीन दस्ता करून घेऊ. तुमच्या हाताच्या मापाचा."

मामा ओसरीवर बसून नातवासाठी खुळखुळा तासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाला?" म्हणाले. "माप बरोबर हाय."